हँडल, सेल्फ आणि सोलेनॉइड

जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्त्यावर बस आणली. सुरुवातीचा पसारा २७ गाड्या आणि १६६ माणसांचा. स्कॉटलंडमध्ये बनलेली त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादेत जपून ठेवली आहे. बिदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्याच संस्थानाचे जिल्हे होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात मोडत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, तर भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा पट्टा म्हैसूर राज्यात. बससेवेचीही तशीच वाटणी झाली. मराठवाड्याची सेवा पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या एसटीत मिसळली, आणि गुलबर्ग्याला २००० मध्ये स्वतंत्र परिवहन महामंडळ मिळाले.

इंजिनाला मात्र राज्य कळत नाही. उदगीरच्या गॅरेजातली खोड आणि भालकीच्या गॅरेजातली खोड एकच असते, आणि ती काढण्याची रीतही एकच. या सीमाभागात यंत्र कसे आले, याचा माग काढायचा तर ते यंत्र सुरू कसे केले जाई, इथूनच निघावे लागते.

पूर्वी ते हाताने सुरू होई. गाडीच्या पुढच्या भोकात लोखंडी हँडल घालायचे आणि जोर लावून फिरवायचे. ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टरांनी मोटारचालकांवरूनच नाव दिले आहे. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, त्याने मुठीला वेढा घालायचा नाही, हा धडा नवशिक्याला सर्वांत आधी मिळे.

शेतात हे हँडल जास्त काळ टिकले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात सुरू झाली, आणि संथ फिरणारी एक सिलिंडरची डिझेल इंजिने विहिरी-विहिरींवर पोचली. इंजिनावरची एक छोटी खिट्टी उचलायची, म्हणजे झडप उघडी राहून आतला दाब सुटतो. मग हँडल मारून जड चाकाला वेग द्यायचा आणि खिट्टी सोडायची. भक् भक् आवाज सुरू झाला की पाटाला पाणी. या कामाला ताकद लागेच, पण त्याहून जास्त लागे ती खिट्टी सोडण्याची नेमकी वेळ. ती वेळ साधणाऱ्या माणसांनीच या भागात यंत्राशी पहिली ओळख करून घेतली, आणि त्यांची नोंद व्हायला हवी.

हँडलाला पर्याय अमेरिकेतल्या डेटन गावी सापडला. चार्ल्स केटरिंग आधी तिथल्या कॅश रजिस्टर कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर सतत चालावी लागत नाही; क्षणभर जोर दिला की पुरे. म्हणजे छोट्या मोटरकडून थोडा वेळ पेलवेल त्याहून जास्त काम घेता येते. हाच हिशेब त्याने गाडीला लावला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरने सुरू होऊ लागल्या. आपल्याकडे त्याला ‘सेल्फ’ म्हणतात. किल्ली फिरवून सेल्फ मारायची सोय अमेरिकेत क्रायस्लरने १९४९ मध्ये आणली.

किल्लीबरोबर सोलेनॉइडची गरज वाढली. ट्रॅक्टरचा सेल्फ शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो; तेवढा प्रवाह किल्लीच्या स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून किल्ली फक्त सोलेनॉइडच्या गुंडाळीला थोडी वीज देते. गुंडाळीचे चुंबक बनते, आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. ट्रॅक्टरच्या सेल्फमध्ये तोच दट्ट्या काट्याच्या मदतीने दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलमध्ये अडकवतो.

भारतात आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये निघाला, महिंद्राचा १९६३ मध्ये. १९६१ मध्ये मद्रासजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस उभी राहिली आणि सेल्फ देशातच बनू लागले. बिदरच्या पठारावर त्यांची कसोटी लागते ती ऊस हंगामात. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या या भागात डिसेंबर-जानेवारीची पहाट गारठ्याची असते, इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीचा जोर उतरतो. त्यातच साखर कारखान्याच्या दारातली ट्रॉल्यांची रांग. चार हात पुढे सरकायचे, इंजिन बंद करायचे, पुन्हा सेल्फ मारायचा. दर खेपेला तांब्याच्या चकतीवर ठिणगी उडते आणि ती थोडी थोडी जळत जाते.

निदान कानाने सुरू होते. किल्ली फिरवल्यावर टकटकटक असा सलग आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच दणकट ‘टक्’ आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइडची चकती जळलेली किंवा सेल्फच अडकलेला. आवाजच नाही, तर आधी क्लचजवळचा सुरक्षा स्विच, फ्यूज आणि सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर टेस्ट लॅम्पने तपासायची. शंका उरलीच तर मीटरची दोन टोके दोन जाड बोल्टांवर धरून सेल्फ मारायचा: तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर वीज आतच अडते आहे. हे न करता थेट नवा सेल्फ गळ्यात मारणारा मिस्त्री शेतकऱ्याचे नुकसान करतो.

पूर्वी सोलेनॉइड उघडत. टाके वितळवून झाकण काढायचे, जळलेली चकती उलटी करून कोरी बाजू वर आणायची, बोल्टांची डोकी कानशीने घासायची आणि पुन्हा डाख द्यायचा. आता बहुतेक जण नवाच बसवतात. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची, दट्ट्या काट्यात नीट अडकवायचा, आणि नट आवळताना बोल्ट फिरू द्यायचा नाही. बोल्ट फिरला तर आतली जोडणी तुटते आणि नवा भाग बसवल्या जागी निकामी होतो.

दोन बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ फिरवण्याची सवय मात्र घातक आहे. तसे केल्याने क्लचचा सुरक्षा स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे झेपावतो, आणि माणूस नेमका मोठ्या चाकासमोर उभा असतो. परदेशी ट्रॅक्टरांवर याचा इशारा सेल्फजवळच चिकटवलेला असतो. सीमाभागातल्या ट्रॅक्टरांवर तो मराठी आणि कानडी दोन्हींत हवा.

२०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांचा कारभार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेला. पण देशात सर्वाधिक खपतात ते पन्नासच्या आतले. भालकी-औरादच्या मिस्त्र्यांपुढे तेच येत राहतील, आणि त्यांच्या सेल्फवर चकती-दट्ट्याचा हाच सोलेनॉइड असेल.