मातींतले राखणदार

टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यांत काल टवटवीत असलेलीं रोपें आज जमिनीलगत कुजून आडवीं पडावींत, हें दृश्य बागाइतदारास नवें नाहीं. गेला तो नुसता वाफा नव्हे, लावणीचा हंगामच गेला. पिथियम व ऱ्हायझोक्टोनिया या बुरशांचें हें कृत्य होय.

यावर पुष्कळ काळ एकच तोड सुचत असे: माती निर्जंतुक करणें. परंतु त्यांत शत्रूबरोबर राखणदारही मरतात, आणि ओसाड मातींत बुरशी पुन्हां शिरली कीं तिला अडविणारें कोणी उरत नाहीं. १९२१ सालीं अमेरिकेंत कार्ल हार्टले यांनीं पाइनच्या रोपांसाठीं निर्जंतुक मातींत बुरशीविरोधी सूक्ष्मजीव मुद्दाम सोडून पाहिले. १९२६ सालीं कॅनडांत सॅनफर्ड यांनीं बटाट्यावरील खपलीचा रोग हिरवळीच्या खतानें हटतो, याचें श्रेय मातींतील जंतूंस दिलें. कल्पना इतकी जुनी. तरी ती बाजूस पडली, ही गोष्ट आम्हांस शास्त्रज्ञांच्या लौकिकास साजेशी वाटत नाहीं.

१९७९ सालीं टेक्ससमध्यें हॉवेल व स्टिपानोविक यांनीं कपाशीच्या मुळांवरील स्यूडोमोनास जंतु सरकीस लावला. ऱ्हायझोक्टोनियानें दूषित मातींत शेंकडा ३० रोपें वांचत, तेथें ७९ वांचलीं. पिथियमपुढें, १९८० च्या प्रयोगांत, २८ चीं ७१ झालीं. मात्र तेथें त्या जंतूचें निराळेंच द्रव्य कामीं आलें, जें ऱ्हायझोक्टोनियावर चालत नाहीं. पीक कपाशीचें खरें, पण शत्रु तेच, जे आमच्या मिरचीच्या वाफ्यांत आहेत. जंतु मात्र बियाण्याबरोबरच मातींत गेला पाहिजे. रोप कोलमडल्यावर ओतलेला काय कामाचा?