लेस्टाट नक्की कोणाचा?

आजचा भाग व्हॅम्पायरांचा आहे, पण भीती रक्ताची नाहीये. आवडत्या पुस्तकावर सिनेमा निघतोय हे कळल्यावर पोटात जो गोळा येतो ना, त्याची ही गोष्ट.

अॅन राइस या अमेरिकन लेखिकेची 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' ही कादंबरी १९७६ साली आली. सिनेमाचे हक्क लगेच विकले गेले. आणि मग काय? काहीच नाही! हक्क एका स्टुडिओकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले, पटकथा लिहिल्या गेल्या आणि बाजूला पडल्या. सतरा वर्षं वाट बघताना प्रत्येक वाचकाने आपापल्या डोक्यात तो सिनेमा केव्हाच काढला होता. लेस्टाट म्हणजे उंच, सोनेरी केसांचा, देखणा आणि उर्मट. खुद्द राइसबाईंच्या डोळ्यांपुढे रटगर हौअर हा डच नट होता.

१९९३ मध्ये नाव जाहीर झालं: टॉम क्रूझ. 'टॉप गन'मधला तो हसरा पोरगा! राइसबाईंनी वर्तमानपत्रांतून उघड नाराजी बोलून दाखवली. वाचकही खवळले. तेव्हा ट्विटर नव्हतं, पण पुस्तकावर सही घ्यायला रांगेत उभे राहिलेले लोक त्यांच्यापाशी हाच विषय काढायचे. हक्क विकलेले असल्यामुळे नट निवडण्यात लेखिकेचं काही चालत नव्हतं.

हे सगळं निव्वळ नखरे म्हणून सोडून देता येत नाही. राइस यांची मुलगी मिशेल १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेली, सहा वर्षांचीही नव्हती. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या या कादंबरीत क्लॉडिया आहे, कधीच मोठी न होणारी पाच वर्षांची पोर. आता सांगा, असं पुस्तक परक्याच्या हाती देताना जीव कासावीस होणार नाही?

त्यात आणखी एक धक्का. मुलाखतकाराच्या भूमिकेसाठी निवडलेला रिव्हर फीनिक्स ३१ ऑक्टोबर १९९३ ला, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. त्याच्या जागी क्रिश्चन स्लेटर आला.

पुढे निर्माते डेव्हिड गेफन यांनी तयार सिनेमाची टेप राइसबाईंना पाठवली. बाईंनी ती बघितली आणि मत साफ फिरवलं! इतकं, की 'व्हरायटी' या सिनेव्यवसायाच्या पत्रात दोन पानी जाहिरात देऊन त्यांनी क्रूझची तारीफ केली. मला विचाराल तर चाहत्यांचा राग पुस्तकाला धरूनच होता. क्रूझ त्या वर्णनात बसत नव्हताच. पण पडद्यावर त्याने लेस्टाटचा माज बरोब्बर पकडला, तिथे उंची कोण मोजत बसतंय!

सिनेमा ११ नोव्हेंबर १९९४ ला लागला. सुमारे ६ कोटी डॉलर खर्च, जगभरातून २२ कोटींच्या वर कमाई. आधी नाकं मुरडणाऱ्यांपैकी किती जण तिकिटाच्या रांगेत होते, हे तुम्हीच ओळखा.

२०२२ मध्ये याच कादंबरीवर मालिका आली. तिच्यात लुई कृष्णवर्णीय झाला, कथाही विसाव्या शतकात सरकली आणि चाहत्यांत परत जुंपली. या वेळी कौल द्यायला राइसबाई मात्र नव्हत्या. डिसेंबर २०२१ मध्येच त्या गेल्या होत्या.