कुबडा महसीर

कुबडा महसीर (शास्त्रीय नाव: टॉर रेमादेवीआय) हा फक्त दक्षिण भारतातील कावेरी नदीच्या खोऱ्यात आढळणारा गोड्या पाण्यातील मासा आहे. रोहू व कटला यांच्याप्रमाणे त्याचाही समावेश सिप्रिनिडी कुलात होतो. ५० किलोग्रॅमहून अधिक वजनापर्यंत वाढणारा हा मासा गळाने मासेमारी करणाऱ्या शौकिनांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ साली त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात केली.

वर्णन

डोक्याच्या मागून पाठीवरील पराकडे चढत जाणारा उंचवटा हे या माशाचे ठळक लक्षण असून त्यावरूनच त्याला कुबडा म्हणतात. अंगावर मोठे सोनेरी खवले व तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. जबड्यात दात नसतात; मात्र घशातील मजबूत दातांनी तो खेकडे व शिंपले सहज फोडतो. लहान मासे, कीटक आणि पाण्यात पडलेली फळेही तो खातो. खडकाळ पात्रातील वेगवान प्रवाह व त्यालगतचे खोल डोह हे त्याचे वसतिस्थान होय.

नामकरण

हा मासा बराच काळ 'टॉर मुसल्ला' या नावाने ओळखला जाई. वास्तविक 'मुसल्ला' हे नाव विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुणे जिल्ह्यातील शिरूरजवळच्या घोड नदीतील वेगळ्या माशाला दिले होते. कावेरीतील कुबडा महसीर म्हणजे केरळमधील पांबार या उपनदीतून पूर्वीच वर्णिलेली 'टॉर रेमादेवीआय' ही जात असल्याचे २०१८ साली स्पष्ट झाले. हे नाव मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या गौरवार्थ दिलेले आहे.

गळाने मासेमारी

हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या ग्रंथामुळे महसिराची मासेमारी इंग्रजी वाचकांत लोकप्रिय झाली. १९४६ साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत व्हॅन इंगेन यांनी पकडलेला १२० पौंडांचा (सुमारे ५४ किलोग्रॅम) महसीर हा गळाला लागलेला सर्वांत मोठा महसीर मानला जातो.

कावेरीवर नाचणीच्या पिठाचा गोळा हे प्रमुख आमिष असे. पीठ घट्ट मळून उकळत्या पाण्यात शिजवले की ते चिवट होते आणि प्रवाहात विरघळत नाही. लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा गोळा भक्कम गळाभोवती लावीत. खेकडे व लहान मासेही वापरीत. वजनासाठी दोरीला मऊ शिशाची तार गुंडाळीत. ती खडकात अडकल्यास ओढीने सुटून येई. पाणी कमी व स्वच्छ असण्याचा पावसाळ्यापूर्वीचा काळ सोयीचा ठरे.

आमिष घेताच मासा प्रवाहाच्या दिशेने जोरात धावतो. खडकांवर घासून दोरी तुटू नये म्हणून मासेमारास काठाने किंवा वेताच्या गोल नावेतून त्याचा पाठलाग करावा लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मासा वजन करून जिवंत सोडण्याची पद्धत रूढ झाली.

ऱ्हास व संवर्धन

धरणे, वाळूउपसा, प्रदूषण आणि सुरुंगाचे स्फोट करून होणारी मासेमारी यांमुळे या माशाची संख्या घटली. त्यात आणखी एका कारणाची भर पडली. लोणावळा येथील टाटा उद्योगसमूहाच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून दख्खनी महसिराचे (टॉर खुद्री) कृत्रिम प्रजनन होऊ लागले. नदीतील महसीर वाढावेत या हेतूने त्याची पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. मूळची कावेरीची नसलेली ही जात तेथे झपाट्याने वाढली.

कर्नाटकातील गलिबोरे येथील मासेमारी तळावर १९९८ ते २०१२ या काळात पकडून सोडलेल्या सहा हजारांहून अधिक महसिरांच्या नोंदींतून हा बदल उघड झाला. दख्खनी महसीर वाढत गेले, तर कुबडे महसीर कमी होत गेले आणि जे मिळत त्यांचे सरासरी वजन वाढत गेले. नवी पिढी तयार होत नसल्याचे हे लक्षण होते.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अंमलबजावणीमुळे अभयारण्यातील ही मासेमारी २०१२ च्या सुमारास थांबली. त्यामुळे माशांवरील ताण कमी झाला, तरी मासेमारांच्या नियमित नोंदी व नदीवरील त्यांचा वावरही संपला. २०१८ च्या संशोधनात तमिळनाडूतील मोयार नदीत या जातीचे मासे आढळले असून तेथील अधिवासाचे रक्षण तिच्या अस्तित्वासाठी महत्त्वाचे मानले जाते.