खोडदची दुर्बीण आणि विद्यार्थ्यांची उमेदवारी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या लगतच्या तालुक्यांत विज्ञानसंवादाची, म्हणजे संशोधनामागील तत्त्वे सर्वसामान्यांना त्यांच्या भाषेत समजावून देण्याची, जी प्रथा रुजली, तिचे मूळ शैक्षणिक धोरणापेक्षाही रेडिओ खगोलशास्त्राच्या स्वतःच्या गरजेत अधिक आहे.

उटी येथील रेडिओ दुर्बीण 1970 मध्ये कार्यान्वित केल्यानंतर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी मीटर लांबीच्या लहरी टिपणाऱ्या मोठ्या दुर्बिणीची आखणी केली आणि तिच्यासाठी जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव निवडले. शहरी रेडिओ-गोंगाटापासूनचे अंतर, आडोसा देणाऱ्या सह्याद्रीच्या रांगा आणि तरीही पुणे-नाशिक मार्गाची जवळीक, हे तिन्ही लाभ येथे एकत्र मिळत होते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, या नावाने ओळखली जाणारी ही दुर्बीण प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची बनलेली असून त्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पसरलेल्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत, उभ्या आहेत.

एवढ्या पसाऱ्याला कुंपण घालणे अशक्य होते. वीजवाहिनीवरील ठिणगी, दूरचित्रवाणीचा सदोष बूस्टर किंवा मोबाइलचा मनोरा यांतून निघणाऱ्या लहरी दूरस्थ दीर्घिकांकडून येणाऱ्या क्षीण संदेशांना सहज झाकोळून टाकतात. अमेरिकेत ग्रीन बँक येथील वेधशाळेसाठी 1958 मध्ये सुमारे 34,000 चौरस किलोमीटरचे रेडिओ-शांतता क्षेत्र घोषित करण्यात आले. दाट वस्तीच्या आणि बागायती शेतीच्या खोडद परिसरात मात्र नुसत्या नियमांनी भागण्यासारखे नव्हते, त्यामुळे शेजाऱ्यांची समजूत ही यंत्राइतकीच आवश्यक बाब ठरली, आणि ती मिळवण्याचे काम संशोधनाहून दुय्यम मानणे ही मोठी चूक झाली असती.

या कामाचा सर्वांत ठळक प्रसंग म्हणजे 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन होय. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या 1928 मधील शोधाच्या स्मरणार्थ तो 1987 पासून देशभर साजरा होतो, आणि खोडद येथे त्या निमित्ताने वेधशाळा लोकांसाठी खुली होऊन परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आपापले प्रयोग मांडतात. अँटेनाची तबकडी जाळीची का, तिच्या छिद्रांतून लहरी निसटत कशा नाहीत, हा पाहणाऱ्याला सहज पडणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे की जाळीचे डोळे 10 ते 20 मिलिमीटरचे, तर टिपायच्या लहरी 21 सेंटिमीटरपासून सुमारे दोन मीटरपर्यंत लांब असल्याने त्यांना ती जाळी सलग पत्र्यासारखीच भासते, वाऱ्याचा जोर मात्र तिच्यातून निघून जातो आणि त्यामुळे सांगाडा हलका व स्वस्त राहतो. हे उत्तर मराठीत नेमकेपणाने देता येणे ही विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे, कारण पाठ केलेली व्याख्या येथे उपयोगी पडत नाही.

उमेदवारीची, म्हणजे प्रत्यक्ष कामावर राहून शिकण्याची, सोय या भागातील खगोलशास्त्रीय संस्थांनी निरनिराळ्या मार्गांनी केली. दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांना संशोधकांच्या हाताखाली प्रकल्प देते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही प्रकल्पाच्या निमित्ताने तेथील यंत्रणा हाताळता येते. आणि 2008 पासून हे केंद्र व ‘आयुका’, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, यांच्या संयुक्त हिवाळी शाळेत पदवीचे विद्यार्थी घरगुती डिश अँटेनासारख्या साध्या साधनांनी सूर्याचे रेडिओ वेध घेण्यास शिकतात. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे ‘आयुका’ने 2006 मध्ये दोन मीटर व्यासाची प्रकाशीय दुर्बीण उभारली, विद्यापीठांतील संशोधकांना व विद्यार्थ्यांना निरीक्षणाची संधी मिळावी हा तिचा हेतू होता, आणि खोडदला जशी रेडिओ-शांतता हवी, तसा गिरवलीला अंधार हवा असल्यामुळे विजेचे दिवे कसे व कोठे लावावेत, हा तेथील गावांशी बोलण्याचा विषय ठरतो.