कृश आणि स्थूल : मधुमेहाच्या दोन रूपांचा इतिहास

इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी कोकणातील सैमूर बंदरात आला. सैमूर म्हणजे आजचे रायगड जिल्ह्यातील चौल. शिलाहार राजा झंझ याच्या अमलाखालील या नगरात सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा आणि खुद्द बगदाद येथून आलेले लोक त्यांत होते.

या वर्दळीतून केवळ माल जात नव्हता, विद्याही जात होती. मसूदीच्या शंभरेक वर्षे आधी वजीर याह्या बरमकीच्या आज्ञेवरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने बगदादमध्ये सुश्रुतसंहितेचा अरबी अर्थ सांगितला होता.

त्या संहितेत प्रमेहाचे दोन प्रकार आहेत. एक ‘सहज’, म्हणजे आईबापांच्या बीजदोषातून आलेला. त्याचा रोगी कृश, रूक्ष, थोडे खाणारा आणि सतत तहानलेला. दुसरा ‘अपथ्यनिमित्त’, त्याचा रोगी स्थूल, खादाड, अंथरुणाला खिळून राहणारा. उपचारही वेगळे. स्थूलाचे पोषण कमी करावे, कृशाला मात्र अन्नपान देऊन जपावे. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीविना, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे, असाही आदेश आहे. व्यायामाची इतकी कठोर चिठ्ठी क्वचितच कुणी लिहिली असेल!

म्हणून सुश्रुताला ‘टाइप १’ ठाऊक होता, असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. स्वादुपिंडातील बीटा पेशींचा नाश, इन्सुलिन या गोष्टी त्याच्या कल्पनेपलीकडच्या होत्या. पण दोन देह, दोन उपचार हे त्याने नेमके हेरले होते.

हा भेद विसरल्याची किंमत मोठी होती. १९१४ नंतर अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याचा उपासमारीचा आहार हाच मधुमेहावरील प्रमुख उपाय होता. आधीच हाडांचा सापळा झालेली मुले त्याने काही काळ जगत, पण भुकेने झिजून. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले.

तरीही कोडे उरले : काही रोग्यांवर इन्सुलिनचा परिणाम फारच कमी का होतो? १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थने इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट दाखवले. आजचे टाइप १ आणि टाइप २ हे ढोबळमानाने तेच. पहिल्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते, म्हणून इन्सुलिन रोज आणि आयुष्यभर. दुसऱ्यात शरीर इन्सुलिनला नीट जुमानत नाही आणि ते तयार होण्याचे प्रमाणही हळूहळू घटते. तेथे आहार, चालणे, मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या आणि गरज पडल्यास इन्सुलिन. गर्भारपणातील मधुमेह बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो, परंतु पुढे टाइप २ चा धोका वाढवतो.

ही सुबक विभागणी महाराष्ट्रात अडखळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना टाइप २ चे अनेक रोगी सडपातळ दिसत होते. २००४ मध्ये त्यांनी आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा बीएमआय २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा गावांच्या अभ्यासात तर सरासरी २.७ किलोची नवजात बाळे इंग्लंडमधील वजनदार बाळांपेक्षा स्नायूंनी बरीच उणी, पण चरबीने जवळपास बरोबरीची निघाली. नुसते वजन पाहून धोका ठरवणे येथे फसवे होते.

कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाचे नशीब याहून विचित्र. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र वर्ग दिला, १९९९ मध्ये तो काढून टाकला. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. या रोग्यांत इन्सुलिन कमी तयार होते, पण त्याला शरीर दाद देते; म्हणून टाइप १ समजून भरपूर इन्सुलिन टोचले, तर पोटभर अन्न नसलेल्या माणसाची साखर जीवघेणी उतरू शकते.