कादंबरींत सांपडलेली तालीम

टोकियो शहरांतील एइशोजी नांवाच्या बौद्ध मंदिरांत १८८२ सालीं जिगोरो कानो ह्या २१ वर्षांच्या पदवीधर तरुणानें एक तालीम काढली. जागा १२ चटयांची, म्हणजे सुमारें २०० चौरस फुटांची. आरंभींचे शिष्य अवघे ९. जुजुत्सु ह्या जुन्या मल्लविद्येला नवी शिस्त लावून त्यानें जी विद्या घडविली ती ज्यूदो, आणि ती तालीम म्हणजेच कोदोकान. शिष्य एकमेकांस आपटूं लागले कीं मंदिराची जमीन हादरे, दिवंगतांच्या नांवांच्या पट्ट्या खालीं पडत. मग गुरुजी स्वतः जमिनीच्या फळ्यांखालीं शिरून तुळया सांवरीत.

त्सुनेजिरो तोमिता हा येथला पहिला शिष्य. त्याच्याच बरोबरीचा शिरो सायगो हा अंगानें ठेंगणा, पण 'यामाअराशी' म्हणजे 'डोंगरांतलें वादळ' ह्या डावासाठीं नांवाजलेला. १८८३ सालीं ज्यूदोची पहिली पदवी ह्या दोघांना मिळाली. पुढें १८९० सालीं सायगो तालीम सोडून गेला. नागासाकी येथें वृत्तपत्राच्या कामांत त्यानें पुष्कळ वर्षें घालविलीं व १९२२ सालीं ओनोमिची येथें त्याचा अंत झाला.

ह्यानंतर २० वर्षांनीं, १९४२ सालीं, 'सुगाता सान्शिरो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक त्सुनेओ तोमिता हा त्या पहिल्या शिष्याचा मुलगा, आणि स्वतःही ज्यूदो शिकलेला. त्यानें गुरूचें नांव शोगोरो यानो असें ठेविलें. तालमीच्या नांवाचा उच्चार कायम राखून पहिलें चित्राक्षर तेवढें बदललें. परंतु मंदिरांतली ती तालीम, तो तरुण विद्वान गुरु आणि नायकाच्या हातचा यामाअराशी डाव पाहून जाणत्या वाचकाला दुसरी कोणतीही तालीम आठवणें शक्य नव्हतें. पुढच्याच वर्षीं अकिरा कुरोसावानें ह्याच कथेवर आपला पहिला चित्रपट काढला आणि ती कथा घरोघर पोंचली.

मात्र ज्यांच्या घामानें ती जमीन भिजली होती, त्यांतले प्रमुख तेव्हां हयात नव्हते. सायगोमागून थोरला तोमिता १९३७ सालीं व कानो १९३८ सालीं निवर्तला. आपल्या तालमीची कादंबरींतली छबी पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. विशेष हें कीं, मुलानें नायकपण आपल्या बापाला दिलें नाहीं; तें तालीम सोडून गेलेल्या त्याच्या सोबत्याला दिलें. सायगो अशा रीतीनें साठ वर्षांनीं पुन्हां त्या १२ चटयांवर उभा राहिला. आणि अखेरपर्यंत तालमीला धरून राहिलेले शिष्य लोकांच्या स्मरणांत मागें पडले.

कल्पित कथेचें सामर्थ्य हेंच, आणि तिचा धोकाही हाच. ज्याला पुढें आणावें तो अमर होतो, पण उजेड एकावर पडला कीं बाकीचे अंधारांत जातात. कादंबरीवरून तालीम ओळखावी, तिच्यावर प्रेमही करावें; परंतु तालमीचा इतिहास वाचतांना तिची नोंदवही मिटून ठेवूं नये.