पडद्याची मूळ मर्यादा आणि देवनागरीची उंची

महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि लगेच १९८४ साली राजर्षी शाहू महाराजांच्या जन्मस्थळी, कसबा बावडा येथे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी आयबीएम कंपनीने ६४० बाय ३५० ठिपक्यांचा रंगीत पडदा बाजारात आणला. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु आपल्याकडील तंत्रशिक्षणाचा विस्तार आणि पडद्यावरील अक्षराचा इतिहास एकाच काळात घडला, हे लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात लॅपटॉपच्या पडद्याची मूळ ठिपकेसंख्या आणि ती ओलांडण्याचे प्रयत्न यांचा मराठी वाचकाच्या बाजूने विचार केला आहे.

'मूळ' म्हणजे नेटिव्ह रिझोल्यूशन ही कल्पना तशी अलीकडची होय. काचेच्या नळीच्या जुन्या पडद्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरत असे. तो कमी रेषांतही फिरू शके आणि अधिक रेषांतही. द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्यात मात्र प्रत्येक ठिपक्याची जागा कारखान्यातच कायमची ठरते. तोशिबाच्या १९८५ सालच्या टी ११०० या लॅपटॉपवर ६४० बाय २०० ठिपके होते. त्या उभ्या २०० ठिपक्यांत पंचवीस ओळी बसवायच्या, म्हणजे एका ओळीच्या वाट्याला केवळ आठ ठिपके येत. रोमन लिपीचे तेवढ्यात कसेबसे भागते. देवनागरीचे भागत नाही. 'मूर्तींना' हा एकच शब्द घ्यावा. खाली दीर्घ उकार, मध्ये अक्षराचा देह, त्यावर शिरोरेषा आणि तिच्याही वर वेलांटी, रफार, अनुस्वार. आठ ठिपक्यांत हे मजले उभे राहणे अशक्यच होते. पुढे चौकटीची उंची चौदा आणि १९८७ च्या व्हीजीए पद्धतीत सोळा ठिपके झाली. आयआयटी कानपूरमध्ये आरंभ झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्रज्ञान याच काळातले. जिस्ट कार्ड यंत्रात बसवले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रणालींत भारतीय लिप्या दिसू लागत. आपल्या संगणक-इतिहासात या कार्डाची नोंद फारच त्रोटकपणे घेतली जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विंडोज २००० सोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा युनिकोड टंक आला. त्याच्या अस्पष्टतेविषयी अनेकांनी नापसंती व्यक्त केली. परंतु दोष केवळ टंकाचा नव्हता. इंचाला ९६ ठिपके या गृहीतावर बारा पॉइंटच्या अक्षराला उंचीत सोळाच ठिपके मिळतात. २००१ च्या विंडोज एक्सपीतील क्लिअरटाइप तंत्राने लाल, हिरवा व निळा हे उपठिपके स्वतंत्रपणे वापरून अक्षराची कड गुळगुळीत केली. मात्र ही सुधारणा आडव्या दिशेपुरती होती. रोमन अक्षरांतील उभ्या दांड्यांना तिचा लाभ झाला. आपली अडचण मात्र उभ्या दिशेची, आणि ती बऱ्याच अंशी तशीच राहिली. उभ्या दिशेतील गुळगुळीतपणा २००९ साली विंडोज ७ मधील नव्या अक्षररेखन पद्धतीने आला.

मर्यादा ओलांडण्याचा उघड प्रयत्न २००८ नंतरच्या नेटबुकांवर दिसतो. १०२४ बाय ६०० च्या पडद्यावर अनेक प्रणालींच्या खिडक्या मावत नसत व खालची बटणे पडद्याबाहेर जात. तेव्हा काही यंत्रांत चित्र १०२४ बाय ७६८ असे रेखाटून ते सहाशे ओळींत दाबून बसवण्याची युक्ती वापरली गेली. येथे १.२८ ओळींची एक ओळ होते. एका ठिपक्याची शिरोरेषा फिकी पडते, आणि एका ठिपक्याचा अनुस्वार शेजारच्या पांढऱ्यात मिसळतो. 'वंश' चा 'वश' आणि 'मंद' चा 'मद' होण्यास एवढे पुरेसे आहे. पुढे सर्वत्र पसरलेल्या १३६६ बाय ७६८ पडद्याविषयीही हेच म्हणता येईल. आधीच्या १२८० बाय ८०० पेक्षा त्याचे एकूण ठिपके थोडे अधिकच. पण उंचीत बत्तीस कमी. चित्रपट पाहणाऱ्याची सोय झाली, मराठी वाचणाऱ्याची एखादी ओळ गेली.

अॅपलने २०१२ साली २८८० बाय १८०० ठिपक्यांचा लॅपटॉप आणला. त्यात चित्र ३८४० बाय २४०० मापाने रेखाटून मग पडद्यापुरते लहान करण्याची सोय होती. युक्ती नेटबुकाचीच, परंतु इंचाला २२० ठिपके असल्याने बारा पॉइंटच्या अक्षराला सोळाऐवजी सुमारे सदतीस ठिपके मिळू शकतात, आणि दाबल्यावरही अनुस्वार टिकतो. म्हणजे मर्यादा ओलांडण्याची मुभा ज्याच्याकडे मुळात विपुलता आहे त्यालाच मिळते.

प्राध्यापकवर्गाचा याच्याशी थेट संबंध येतो. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिकांचे पडद्यावरील मूल्यमापन मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. त्या वेळच्या निकालांच्या विलंबाची चर्चा पुष्कळ झाली, वाचनीयतेची फारशी झाली नाही. स्कॅन केलेले मराठी हस्ताक्षर आखूड उंचीच्या पडद्यावर पूर्ण पान दिसेल असे ठेवले, तर 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद परीक्षकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचेलच असे नाही. पान मोठे करून पाहता येते, पण स्कॅन करतानाच जे टिपले गेले नाही ते दुप्पट आकारातही दिसत नाही. एका ठिपक्याच्या जागी त्याच छटेचे चार ठिपके दिसतात, एवढेच.